विचारलंय ना तिने? मग सांग

प्रिय बाळा,

पाच वर्षांच्या लेकीने 'बाळ पोटात कसं गेलं?' असं विचारलं आणि तू तिला 'मोठी झालीस की कळेल' म्हणून खेळायला पिटाळलंस. आता मला विचारतोस, सांगायचं योग्य वय कोणतं. अरे, तिने विचारलं तेच वय! ती विसरली असेल या भरवशावर राहू नकोस. आज रात्री आपणहून विषय काढ.

सगळं एकदम सांगायची गरज नाही. विचारलं तेवढंच सांग, पण खरं सांग. आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते, बाळ तिच्यात वाढतं. आज एवढं पुरे. नुसतं 'पोटात' म्हणून मात्र थांबू नकोस. माझ्या वर्गातल्या एका मुलीला घोर लागला होता, की आई जेवली की घास बाळाच्या डोक्यावर पडत असेल. बाळाची पिशवी वेगळी असते म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

दोन-तीन वर्षांनी ती विचारेल, तिथे गेलं कसं? तेव्हा स्त्रीबीज आणि शुक्राणू सांग. ते एकत्र कसे येतात असं विचारलं, तर शिश्न आणि योनी हेच शब्द वापरून तेही सांग. मोठी माणसं दोघांच्या मर्जीने असं करतात, हेही. 'शी!' म्हणून पळाली तर पळू दे. जीभ अडखळत असेल तर आधी एकटा असताना म्हणून बघ. ज्या मुलीला अवयवाचं नाव घेता येतं, तिला कुणी नको तिथे हात लावला तर तेही नीट सांगता येतं. याच्यासमोर तुझा संकोच किती मोठा?

मुली साधारण 8 ते 13 वर्षांच्या असताना वयात येऊ लागतात, मुलगे 9 ते 14. मुलीच्या छातीत आधी छोटी, दुखरी गाठ येते, पुष्कळदा एकाच बाजूला. कुणी सांगितलेलं नसेल तर कॅन्सर झाला म्हणून पोरी रात्र रात्र रडतात. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. तेवढा वेळ हातात असतो, घालवू नकोस. मुलग्यांना तर कुणी काहीच सांगत नाही. झोपेत वीर्यपात झाला की ते चादर लपवतात. काहींची छाती थोडी फुगते, बहुतेकांची आपोआप उतरते. पण तोवर तो मुलगा शर्ट काढायला तयार नसतो.

शाळेने मला प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडायला सांगितलं होतं. मी शिकवला, मुलामुलींना एकत्र बसवून. पालक येऊन निर्लज्ज म्हणून गेले. मी मुलांच्या डोक्यात काही भरवलं नव्हतं, प्रश्न त्यांच्याकडे आधीच होते. पुन्हा वर्ग मिळाला तर पुन्हा तसाच शिकवीन. मला पाळी आली तेव्हा काहीतरी जखम झाली असं वाटून मी दिवसभर गप्प होते. आई मायाळू होती, पण बोलली नाही. ती खंत जात नाही, म्हणून एवढं तावातावाने लिहिते आहे.

आणि हे बायकोवर ढकलू नकोस. पॅड कसं लावायचं ते तूही शीक. लेकीची छाती दिसू लागली की एक तिच्या हातात देऊन दाखव, एक दप्तरात ठेव. एखादं उत्तर आलं नाही तर 'बघून उद्या सांगतो' म्हण, आणि उद्या खरंच सांग.

तुझी,
बाई