टर्बो बदलण्याआधी तो का गेला ते विचारा

"गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, बदलू का?" हा मेसेज इतक्या वेळा येतो की यावेळी फक्त टर्बोचेच प्रश्न घेतलेत. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा.

प्रश्न: डिझेल गाडी खंबाटकी चढताना ओढत नाही, काळा धूर येतो. स्कॅनरवर पी०२९९ कोड आलाय. टर्बो गेला ना?

उत्तर: लगेच तसं समजू नका. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय, आणि तो कोड एवढंच सांगतो की बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर, पाहिजे तेवढं मिळत नाही, कुठला पार्ट बदला हे कोड कधीच सांगत नाही. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) होज म्हणजे हवेचा पाइप फाटला, क्लिप सैल झाली, व्हॅक्यूमची बारीक नळी तडकली तरी हेच होतं. होजवर बाहेरून ताजा तेलकट डाग असेल तर आधी तिथेच बघायला सांगा. टर्बोचं कोटेशन नंतर.

प्रश्न: होजमध्ये आतून थोडं ऑइल लागलंय.

उत्तर: नुसता ओलसरपणा चालतो. साचून सांडत असेल तर दाखवून घ्या.

प्रश्न: मेकॅनिकने टर्बोचा शाफ्ट (पात्यांचा दांडा) हलवून दाखवला.

उत्तर: आडवा किंचित हलतोच, बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. पुढेमागे हाताला जाणवेल इतका सरकत असेल किंवा पाती हाउसिंगला घासल्याची खूण असेल, तर टर्बो उतरवावा लागेल.

प्रश्न: मागच्या वर्षी नवीन टर्बो टाकला, आता परत सायरनसारखा आवाज आणि निळा धूर. पार्ट डुप्लिकेट निघाला का?

उत्तर: असेलही, पण पहिला टर्बो कशाने गेला ते कुणी शोधलं होतं का? बिल काढून बघा. त्यात नवीन ऑइल, फिल्टर आणि टर्बोला ऑइल पोचवणारा फीड पाइप नसेल तर दुसरा टर्बो पण त्याच वाटेने गेला असणार. छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, ऑइल काही सेकंद कमी पडलं तरी बेअरिंग खाल्लं जातं. ऑइल वेळेवर बदललं नाही की काजळी फीड पाइपात आणि तो जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या जाळीत बसते, नवीन टर्बोला पहिल्या दिवसापासून उपाशी ठेवते. ऑइल परत नेणारा रिटर्न पाइप किंवा इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर चोक असेल तर चांगल्या टर्बोच्या सीलमधून पण ऑइल बाहेर येतं, आणि निळा धूर, म्हणजे जळणारं ऑइल, इंजिनच्या पिस्टन रिंगांमुळेही येतो, म्हणजे कधीकधी टर्बोचा दोषच नसतो! इंटरकूलर धुतला नसेल तर आतलं जुनं ऑइल जळत राहतं ते वेगळंच. 'रिकंडिशन' म्हणून देतात त्यात बऱ्याचदा नुसता कोअर (मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग) बदललेला असतो, बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा, जुना पार्ट ताब्यात घ्या, आणि यावेळी ऑइल प्रेशर मोजल्याशिवाय नवीन टर्बो बसवू देऊ नका.

प्रश्न: टर्बो क्लीनरची बाटली टाकू का?

उत्तर: नको.

प्रश्न: निळा धूर आहे, ऑइल कमी होतंय, पण पिकअप ठीक आहे. दिवाळीत गावी जाऊन आल्यावर दाखवलं तर चालेल?

उत्तर: अजिबात नाही. सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, मग चावी काढली तरी बंद होत नाही. गाडी उभी असताना असं झालं आणि मॅन्युअल असेल, तर ब्रेक घट्ट दाबून टॉप गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक असेल तर सगळ्यांना उतरवून लांब उभे राहा, बॉनेटमध्ये हात घालू नका. आज डिपस्टिक बघा, आणि गॅरेजला गाडी टो करूनच न्या.