पेरॉक्साइड टाकलं आणि सीओडी वाढला!

प्रश्न : इचलकरंजीत आमचं छोटं डाईंग युनिट आहे. ईटीपीनंतर (सांडपाणी शुद्धीकरण) आरओ, आणि आरओचं रिजेक्ट, म्हणजे गाळून मागे उरलेलं दाट पाणी, रोज 40 हजार लिटर इव्हॅपोरेटरला आटवायला जातं. तिथं फेस येतो, मीठ तपकिरी निघतं. रिजेक्टचा सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती, ते सांगणारा आकडा) लॅबनं लिटरला 1,900 मिलिग्रॅम दिला. ब्लीचिंगचंच 50 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड हजार लिटरला दोन लिटर टाकून पाहिलं. रंग जेमतेम उतरला, सीओडी 2,300 आला! आता ओझोनचं मशीन घ्या म्हणतायत. घ्यावं का?

उत्तर : चेक फाडू नका. सीओडी वाढलेला नाही, तुम्ही टाकलेलं पेरॉक्साइडच त्यात मोजलं गेलंय. सीओडीच्या चाचणीत घाण जाळायला वापरतात ते डायक्रोमेट उरलेलं पेरॉक्साइडही धरतं, 1 मिलिग्रॅमला साधारण 0.47 मिलिग्रॅम सीओडी. तुमच्या मात्रेनं लिटरमागे 1,200 मिलिग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड पडलं, म्हणजे साडेपाचशेपर्यंतचा आकडा नुसता त्याचाच. डाईंगच्या आधी कापडाला पेरॉक्साइड किलर (उरलेलं पेरॉक्साइड मोडणारं द्रव्य) मारता ना? नमुन्यालाही मारायला हवा होता.

पण माझा 1,900 वरही विश्वास नाही. डाईंगला तुम्ही साधं मीठ वापरता की ग्लॉबर (सोडियम सल्फेट), ते लिहिलं नाहीत. साधं असेल तर रिजेक्टमध्ये क्लोराइड लिटरला सहज 6,000 मिलिग्रॅम असेल, आणि क्लोराइडही सीओडीत घुसतं. लॅबवाले मर्क्युरिक सल्फेट घालून ते दाबतात, पण ते 2,000 पर्यंतच भरवशाचं. क्लोराइड किती होतं आणि नमुना किती पातळ केला, एवढं विचारा. माझ्या बावीस वर्षांत निम्मी भांडणं या एका आकड्यावरून झाली.

खरा सीओडी समजा 800 निघाला. हा माल म्हणजे ईटीपीतल्या जिवाणूंनी पानात टाकलेलं उष्टं : रंगाचे तुकडे, सायझिंगचं पीव्हीए (सुताला खळ म्हणून लावलेलं पॉलिमर). आरओ ते नष्ट करत नाही, 75 टक्के पाणी काढून घेऊन चौपट दाट करून ठेवतं. नुसतं पेरॉक्साइड त्यापुढे आळशी. त्याला लोखंड आणि आम्ल लागतं, हीच 1894 पासूनची फेंटनची क्रिया.

एक लिटरच्या बीकरमध्ये करा. आधी सल्फ्युरिकनं पीएच 3. बुडबुडे येतील, येऊ द्या. एरवी क्रियेत आडवे येणारे कार्बोनेट त्यातून निघून जातात. मग हिराकस (फेरस सल्फेट, हेच ते लोखंड) 1.7 ग्रॅम. मग तुमचं 50 टक्क्यांचं पेरॉक्साइड 3.4 ग्रॅम, थेंबथेंब, तासभर ढवळत. (हिशेब सोपा आहे : 1 ग्रॅम सीओडीला 2.125 ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड, म्हणजे 800 मिलिग्रॅमला 1.7 ग्रॅम शुद्ध, 50 टक्क्यांचं त्याच्या दुप्पट.) दुसऱ्या बीकरला निम्मी मात्रा. सगळा सीओडी जाणार नाही. निम्मा गेला तरी फेस कमी व्हायला हवा. मी एकदा घाईत पिंपात दोन्ही एकदम ओतलं, फेस कडेवरून आला आणि चपला गेल्या. गंजलेल्या डब्यात पेरॉक्साइड तर अजिबात नको.

शेवटी पीएच 8 करताना सवयीनं चुना टाकाल. तो नको. चुन्याचं कॅल्शियम आणि तुमचं सल्फेट मिळून इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत जिप्समचा थर बसतो. कॉस्टिक सोडा वापरा. लोखंडाचा लालसर गाळ खाली बसेल, तो ईटीपीच्या गाळाबरोबर धोकादायक कचऱ्यात जातो. त्याचा खर्च आत्ताच धरा, कारण मशीन विकणारा तो सांगत नाही.

ओझोन वाईट नाही. तो रंगाचा अ‍ॅझो बंध (रेणूतला रंग दिसायला लावणारा जोड) पटकन तोडतो, पाणी काचेसारखं दिसतं, सीओडी मात्र फारसा हलत नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरला 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं डाईंग बंद करायला लावलं, त्यानंतर तिकडचे लोक रिजेक्टमधलं मीठ परत डाईंगला वापरायला लागले. तुमचाही तोच बेत असेल तर रंग जायलाच हवा, तेव्हा ओझोनचं बघू. आधी दोन बीकरचे आकडे पाठवा, क्लोराइडसकट.