फोन म्हातारा नाही, बॅटरी थकलीय

प्रश्न : दोन वर्षांचा मोबाइल दुपारपर्यंतही टिकत नाही. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. काय करू?
– एक शिक्षिका, सेलू

उत्तर : ताई, घाई करू नका. लिथियम-आयन बॅटरीची खरी वैरीण उष्णता. आपल्या परभणीकडं मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन थकणारच. कंपनीच्या सेवा केंद्रात फक्त बॅटरी बदलून घ्या, पावती मागा. फोनची पाठ फुगली असेल तर मात्र आजच चार्जिंग बंद करा.

माझ्या जुन्या नोकियाची बॅटरी मी नखानं काढायचो. आता कंपन्या ती चिकटवूनच टाकतात, याचा मला मनापासून राग येतो. सुटा भाग नाही म्हणाले, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ला फोन लावा. मराठीत बोलता येतं.