पाचव्या महिन्यात दाढेचा एक्स-रे काढला तर बाळाला काही होईल का?

तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना चालूये, खालची दाढ रात्रभर ठणकते, डेंटिस्ट म्हणतात एक्स-रेशिवाय रूट कॅनल सुरू करता येणार नाही आणि सासूबाई म्हणतात बाळंतपण होईपर्यंत तोंडाला हात लावू देऊ नकोस. मी स्वतः डेंटिस्ट आहे, माझं उत्तर एकच, एक्स-रे काढून घ्या आणि ट्रीटमेंटही आत्ताच करून घ्या.

बाळाचं आधी सांगते. एका-दोन दाढांचा जो छोटा एक्स-रे असतो ना, आयओपीए, त्यात मशीनची नळी गालाला टेकवतात, किरणांचा झोत जेमतेम ६ सेंटिमीटर रुंद, तोही सेकंदापेक्षा कमी वेळ, आणि रोख जबड्याकडे. पोटापर्यंत पोचतं ते फक्त इकडेतिकडे विखुरलेलं, मिलीग्रेच्या (हे किरणांचा डोस मोजायचं एकक) हजाराव्या भागापेक्षाही कमी. बाळाच्या वाढीची काळजी करायची वेळ येते ती ५० मिलीग्रेच्या पुढे, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. आणि मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही साठून राहत नाही, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक गरोदर पेशंट विचारते.

आता तुमचा स्वतःचा डोस. आरव्हीजी म्हणजे डिजिटल सेन्सर असेल तर एका एक्स-रेला काही मायक्रोसिव्हर्ट (हे शरीरावरचा परिणाम धरून डोस मोजायचं एकक, हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलीसिव्हर्ट). जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला नैसर्गिक किरणांचा डोस असाही वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतोच, दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट झाले. रूट कॅनलला तीन-चार एक्स-रे लागतात, सुरुवातीचा, मग मुळाची लांबी मोजायला, मग फिलिंग नीट बसलं का बघायला, तरी सगळे मिळून मुंबई-लंडन विमानप्रवासात आकाशातून मिळणाऱ्या डोसपेक्षा जास्त होत नाही. पण एका दाढेसाठी कोणी ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) किंवा सीबीसीटी (थ्रीडी) स्कॅन सांगितला तर मात्र थांबून विचारा, हा कशासाठी, छोट्यावर भागणार नाही का? सीबीसीटीचा डोस खूपच जास्त असतो.

एप्रनबद्दल, अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये लेड एप्रन (किरण अडवणारा शिशाचा एप्रन) आणि थायरॉइड कॉलर (गळ्याभोवतीचा तसाच पट्टा) आता गरजेचे नाहीत असं सांगितलं, कारण झोतच आवळलेला असतो. तरी मी गरोदर बाईला एप्रन घालतेच, तिचं मन शांत राहतं, तुम्हीही मागा. माझ्या मते एप्रनपेक्षा बाकीच्या गोष्टी बघा. मशीनला पुढे टोकदार प्लॅस्टिकचा कोन आहे की उघडी नळी? टोकदार कोनातून किरण जास्त विखुरतात. सेन्सर होल्डरमध्ये धरलाय ना? कारण नीट धरला नाही की फोटो चुकतो आणि परत काढावा लागतो, आणि असिस्टंटने बोटाने धरून उभं राहणं तर अजिबात नको, ती बिचारी दिवसभर तेच काम करते. मशीनची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडे) नोंदणी लागते, सर्टिफिकेट विचारायला लाजू नका.

थांबण्याचा धोका मात्र खरा आहे. माझी एक पेशंट अशीच थांबली होती, आठव्या महिन्यात रात्री गाल सुजून डोळा मिटला, ताप आला, ॲडमिट करावं लागलं, सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावी लागली. आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका प्लीज, विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या किडनीला त्रास देऊ शकतात, पॅरासिटामॉलसुद्धा तुमच्या गायनॅकना विचारूनच.

चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सगळ्यात बरा, नंतर उताणं पडून राहणं जड जातं. खुर्चीत उजव्या कुशीखाली छोटी उशी ठेवायला सांगा म्हणजे किंचित डावीकडे कलून झोपता येईल. आणि सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांच्या मनातले प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.