लिंकनच्या मुक्ती-घोषणेचे लोकांनी कसे स्वागत केले?

अमेरिकन यादवी युद्ध ऐन भरात असताना, १ जानेवारी १८६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंकनने बंडखोर दक्षिणी राज्यांतील गुलामांना मुक्त घोषित केले. मात्र संघराज्यात राहिलेल्या केंटकी, मेरीलँड यांसारख्या राज्यांतील गुलामांना ही घोषणा लागू नव्हती. त्यामुळे प्रतिक्रिया एकसारखी उमटणे शक्यच नव्हते.

बोस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्ये गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्यासह जमलेला समुदाय तारेची वाट पाहत रात्रीपर्यंत ताटकळला आणि बातमी येताच जल्लोषात बुडाला. मला अधिक हेलावून टाकतो तो दक्षिण कॅरोलायनातील पोर्ट रॉयलचा प्रसंग: घोषणा वाचून झाल्यावर कृष्णवर्णीय पलटणीला निशाण दिले जात होते, तेवढ्यात कोणीही न सांगता एका वृद्धाने देशभक्तिपर गीत सुरू केले, दोन स्त्रियांनी सूर मिळवला आणि कालपर्यंत ज्यांना देशच नव्हता ते सारे गाऊ लागले.

दक्षिणेत अर्थातच संताप उसळला. बंडखोर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी घोषणेचा कडाडून निषेध केला. उत्तरेतही डेमोक्रॅट पक्षाने तिला घटनाबाह्य ठरवले, आणि सप्टेंबर १८६२ मध्ये घोषणेची पूर्वसूचना जाहीर झाल्यानंतरच्या निवडणुकांत लिंकनच्या पक्षाने बऱ्याच जागा गमावल्या, यामागे युद्धाचा कंटाळाही होताच.

इंग्लंडमध्ये, अमेरिकेतून येणारा कापूस बंद झाल्याने गिरण्या थंडावल्या असूनही, मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ च्या सभेत लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले, आणि लिंकनने जानेवारीतच कृतज्ञतेने उत्तर दिले.