बागेतले प्रश्न: अंगणातला एडवर्ड

प्रश्न : ताई, आमच्या दारात सासूबाईंनी लावलेला गर्द लाल कलमी गुलाब होता. मागे एका कडक उन्हाळ्यात तो वाळला, पावसाळ्यात बुडातून पुन्हा फुटला. आता त्याला मध्यम आकाराची गुलाबी फुलं येतात, आणि वास पार ओट्यापर्यंत येतो. नर्सरीवाला म्हणतो, जंगली फुटवा आहे, उपटून टाका. सासूबाई म्हणतात, "हाऊ गुलाब मना हातना शे" (माझ्या हातचा आहे), आणि कोणाला हात लावू देत नाहीत. काय करावं? — एक वाचक, पारोळा

उत्तर : सासूबाईंचं ऐका. नर्सरीवाल्याचं अर्धंच खरं आहे.

कलमी गुलाब म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं. खाली मुळं देणारा खुंट, आणि त्यावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे अंकुर. आपल्याकडे खुंट म्हणून रोझा इंडिका, मल्टिफ्लोरा आणि एडवर्ड वापरतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. त्यात वरची नाजूक जात जळते, खुंटाची मुळं मात्र जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाला तीच फुटतात. तुमच्याकडे हेच झालंय. वर्णनावरून तुमचा खुंट एडवर्ड दिसतो, आणि एडवर्डला जंगली म्हणणं मला तरी पटत नाही.

हा बुरबाँ गटातला जुना गुलाब. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला आज रेयुनियाँ म्हणतात ते बेट आहे. तेव्हा ते फ्रेंचांचं बुरबाँ बेट होतं. तिथले शेतकरी कुंपणाला दोन गुलाब लावत. एक वर्षातून दोनदा फुलणारा सुगंधी दमास्क, दुसरा चीनकडून आलेला, जवळजवळ बारमाही फुलणारा गुलाबी. त्या कुंपणांत दोघांचा आपोआप संकर झाला. १८१९ च्या सुमारास तिथलं बी पॅरिसला गेलं आणि त्यापासून फ्रेंच माळ्यांनी पुढची पन्नास-साठ वर्षं एकाहून एक सुगंधी जाती काढल्या. बेटावरच्या त्या मूळ गुलाबाला 'रोझ एदुआर' म्हणत. आपल्याकडे त्याचा एडवर्ड झाला. कोणी देशी म्हणतं, कोणी गावठी. घराण्याने तो आपल्या अंगणातल्या बहुतेक गुलाबांपेक्षा वरचढ आहे.

आता खात्री कशी करायची? फुलाच्या रंगावर जाऊ नका. गुलाबी गुलाब ढीगभर आहेत. सकाळी झाडाशी बसा आणि फांदी हातात घ्या. एडवर्डच्या फांद्या लांब, कमानीसारख्या वाकणाऱ्या, काटे जाड आणि खाली वळलेले. पान जरा चकचकीत, पाच किंवा सात पर्णिकांचं, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांचं. फुलं एकेकटी नाहीतर लहान झुपक्यात, वास दमास्कच्या वळणाचा, आणि बहर एकच न येता पुन्हापुन्हा. खरा दमास्क असता तर पान राखाडी झाकेचं, मऊ, खालून लवदार, काटे बारीक आणि खच्चून भरलेले, आणि आपल्याकडे बहर फक्त फाल्गुन-चैत्रातला. थंडी कमी पडते म्हणून तो इथे नीट फुलतही नाही. जुना चिनी गुलाबी असता तर फांदी गुळगुळीत, काटे मोजके, वास फिका आणि फूल उन्हात फिकं न होता उलट गडद होणारं. मल्टिफ्लोरा तर लांबूनच कळतो : बारीक पांढऱ्या फुलांचे घोस, आणि पानाच्या देठाच्या बुडाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णं. एवढी झालर पाहिली की बाकीचं पाहायची गरज नाही.

"सात पानांचा फुटवा जंगली, पाच पानांचा चांगला," असं अजूनही खूप जण सांगतात. हे डोक्यातून काढून टाका. एडवर्डला सात असतात, दमास्कला सात असतात, कित्येक जुन्या उत्तम गुलाबांना असतात. या एका समजुतीपायी खानदेशात किती जुनी झाडं कुदळीखाली गेली असतील!

एक काम मात्र करा. बुंध्याभोवतीची माती चार बोटं बाजूला सारा. डोळा भरल्याची फुगीर गाठ दिसेल. त्या गाठीच्या वर एखादी हिरवी फांदी जिवंत असेल, तर सासूबाईंचा लाल गुलाब अजून आहे. मग खालचे फुटवे कात्रीने न कापता मुळापासून ओढून काढा, कापले तर दुप्पट येतात. वर सगळं वाळकं असेल तर ते करवतीने साफ करा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा आणि एडवर्ड निर्धास्त वाढू द्या.

छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडला की. प्रदर्शनातल्या गुलाबासारखं गुडघ्यापर्यंत छाटू नका. मेलेल्या, आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या काढा, बाकीच्या फार तर एक तृतीयांश कमी करा. बुरबाँ गुलाबाची खरी मजा फांदी वाकवण्यात आहे. लांब फांदी उभी सोडली तर शेंड्याशी चार फुलं देते. तीच भिंतीच्या कडेने आडवी बांधली, किंवा वाकवून आकड्याने जमिनीलगत टोचली, की शेंड्याचा जोर मोडतो आणि फांदीभर डोळे फुटून प्रत्येकातून फूल निघतं. फांदी हिरवी, लवचीक असतानाच वाकवा. जून झाली की तडकते.

छाटलेल्या फांद्या टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची छाटकलमं करून सावलीत लावा. एडवर्ड मुळं धरायला सोपा, म्हणून तर त्याला खुंट केलं. लेकीसुनांना एकेक द्या. पुढच्या मे महिन्यात तुमचं झाड दगावलं तरी गुलाब गावात राहील.

प्रश्न : 'सुव्हनीर द ला मालमेझों' नावाचा बुरबाँ गुलाब मागवला. फोटोत फूल बशीएवढं, फिकट गुलाबी. माझ्याकडे कळ्या भरतात, तपकिरी होतात आणि न उमलताच कुजतात. — एक वाचक, रावेर

उत्तर : या गुलाबाची ही खोड फार जुनी आहे. तो १८४३ मध्ये लिऑनच्या बेल्यूझ या माळ्याने काढला, आणि तेव्हापासून ओल्या हवेत तो असाच रुसतो. पाकळ्या असंख्य आणि कागदासारख्या पातळ. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटल्या की कळी आतच गुदमरते. केळीच्या बागेलगत, रोज संध्याकाळी पाणी चालू असलेल्या जागी तुम्ही तो लावला असणार, असा माझा अंदाज. सकाळचं ऊन आणि मोकळी हवा मिळेल तिथे हलवा, पाणी फक्त बुडाशी द्या. चिकटलेली कळी दिसली तर बाहेरच्या दोन पाकळ्या बोटाने सोडवा, फूल उघडतं. भादव्यातल्या कळ्यांचा मोह सोडा, दिवाळी ते संक्रांत त्याचा खरा काळ.

मात्र कळ्या फेब्रुवारीनंतर, कोरड्या हवेत करपत असतील तर गोष्ट वेगळी. कळी पांढऱ्या कागदावर झटका. सळसळ करत पळणारे बारीक काडीसारखे किडे दिसले तर ते फुलकिडे. त्या कळ्या तोडून नष्ट करा आणि निंबोळी अर्क फवारा.

फोटो पाहून आणखी मागवणार असाल तर १८६८ चा 'झेफिरीन द्रुअं' घ्या. गडद गुलाबी, सुगंधी आणि जवळजवळ बिनकाट्यांचा, त्यामुळे लहान मुलांच्या घरी सोयीचा. हिवाळ्यात त्याला भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) लवकर धरते, तेवढं लक्ष ठेवा. आणि कुठलाही बुरबाँ घ्या, चैत्र लागला की बुडाशी केळीच्या सोपटांचं जाड आच्छादन आणि दुपारी हिरव्या नेटची सावली हवीच. उन्हाळ्यात खत नको, छाटणीही नको.

प्रश्न : जुन्या गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. शेणखत भरपूर देतो. — एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : मातीत चुनखडी आहे, त्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. मुळाशी द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीतही झाडाला घेता येईल असं बांधलेलं लोह, मागा. ईडीटीए प्रकारचं अशा जमिनीत टिकत नाही, दुकानदार मात्र तेच पुढे करतो. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असती तर मी आधी पाणी कमी करायला सांगितलं असतं. काळ्या जमिनीत गुलाब पाण्यावाचून कमी मरतात, पाण्याने जास्त.

प्रश्न : गुलकंदाला एडवर्ड चालेल का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : उत्तम. ऊन चढण्याआधी तोडा, नाहीतर वास उडून जातो. फवारणी केलेल्या झाडाची फुलं मात्र गुलकंदाला घेऊ नका, आणि पुष्पहारवाल्याकडच्या पाकळ्याही नकोत. त्या झाडांवर काय काय मारलेलं असतं ते त्यालाही सांगता येणार नाही.