बालआरोग्यावरील संशोधन गावापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे का लागतात?

आपला प्रश्न असा आहे की, एखादा उपाय संशोधनाने सिद्ध झाल्यानंतरही तो धोरणात आणि पुढे घराघरांत यायला दहा-बारा वर्षे का जातात. मी बीड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, म्हणून माझ्या रोजच्या कामातील एकच उदाहरण घेऊन उत्तर देतो.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. केंद्र सरकारने हा कार्यक्रम आशांमार्फत, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, देशभर स्वीकारला तो २०११ मध्ये. मधल्या काळाला केवळ दिरंगाई म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हे काम गावोगावी करू शकणारी आशाच मुळी २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते स्वीकारताना काय गळून पडते हे. गडचिरोलीतील कार्यकर्त्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत असत. आशांना तो अधिकार मिळाला नाही. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीपुरती परवानगी मिळाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला. त्यामुळे आजार सर्वांत आधी ओळखणारी बाई आणि उपचार करू शकणारी बाई वेगळ्या झाल्या, आणि तांड्यावरच्या बाळासाठी हे अंतर रात्री फार मोठे असते.

मराठवाड्यात याच्याही पुढची अडचण आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटायचे असते. यात बाळ त्या घरीच राहील असे गृहीत धरलेले आहे; पण इथे बाळंतपण माहेरी होते, आणि ऊसतोडीच्या हंगामात कोयत्यावर गेलेली बाई तान्ह्या बाळासह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याजवळच्या खोपीत असते. गावच्या नोंदवहीत तिच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि कारखान्याकडच्या आशेच्या यादीत तिचे नाव नसते. टोळ्या निघण्यापूर्वी गरोदर आणि ओल्या बाळंतिणींची यादी करून, मुकादमाकडून कारखान्याचे नाव घेऊन तिथल्या आरोग्य केंद्राला कळवणे हा मार्ग आम्हांला उपयोगी पडतो, मात्र तो ओळखीपाळखीवर चालतो.

आपण संशोधक असाल तर माझी विनंती आहे की, उपाय परिणामकारक आहे का यासोबतच तो कोणाच्या हातून, कोणत्या मोबदल्यावर आणि कुटुंब हलल्यास कसा चालू राहील, हेही अभ्यासाचाच भाग माना. २०११ च्या कार्यक्रमात आशेचे २५० रुपये ४२ दिवसांतील भेटी पूर्ण झाल्यावर एकत्र देण्याचे ठरले. निम्म्या भेटी माहेरच्या आणि निम्म्या कारखान्याकडच्या आशेने दिल्या, तर हा हिशेब दोघींपैकी कोणालाच लागू पडत नाही. भेटीगणिक मोबदला देऊन नोंद बाळाच्या नावावर ठेवली, तर हे काम आजच्याच यंत्रणेत होऊ शकेल असे मला वाटते.